मिटवून टाका!

मराठीतल्या दोन शब्दांची मला अलीकडे चीड येऊ लागली आहे. ते म्हणजे 'मिटवून टाका'. रस्त्यावर कुणाला गाडीने उडवलं, की अर्ध्या तासात हे शब्द कानावर येतातच. गर्दीतून एखादे जाणते गृहस्थ पुढे होतात, ड्रायव्हरला चार शिव्या घालतात, जखमीच्या भावाच्या खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "झालं ते झालं. पोलिसांच्या भानगडीत कशाला पडता? मिटवून टाका." मग दवाखान्याचा खर्च म्हणून दहा-वीस हजार हातावर ठेवले जातात. माणूस दगावला असेल तर दहाव्या-बाराव्याच्या सुमारास बैठक बसते आणि आकडा थोडा मोठा होतो, इतकाच फरक.

मंडळी, आजचा लेख यावर आहे. शाळेच्या आठवणी, पुस्तकं, आजोळ यांपैकी आज काही नाही. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढच्या आठवड्यात यावं. पण माझे पुतणे, भाचे आणि सुना हा ब्लॉग वाचतात, आणि त्यांतले बहुतेक जण रोज दुचाकीवरून कामाला जातात. त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावं.

मी वकील नाही. चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. पण माझा एक जुना विद्यार्थी जिल्हा न्यायालयात अपघाताच्या दाव्यांचं काम करतो. त्याच्याकडून निकालपत्रं आणून गेली दोन-तीन वर्षं मी वाचते आहे. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. आपला कायदा या बाबतीत आपल्या समाजापेक्षा पुष्कळच समंजस आहे. माणूस गेल्यावर त्याच्या बायकामुलांचं काय, याचा कायद्याने निदान हिशोब तरी मांडला आहे. आपण मात्र नशिबाच्या नावावर टाकून मोकळे होतो.

केंद्र सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली आणि ४ लाख ४३ हजार ३६६ जखमी झाली. इतक्या घरांचं 'नशीब' एकाच वर्षात फुटलं म्हणायचं का?

आता एक गोष्ट सांगते. तीन वर्षांमागची आहे. आमच्या गावाकडचा एक गवंडी, वय एकोणतीस, संध्याकाळी कामावरून सायकलवर परतत होता. मागून टेम्पो आला. माणूस जागीच गेला. घरी बायको, दोन पोरं आणि म्हातारी आई. टेम्पोवाला शेजारच्या गावचा, म्हणजे 'आपलाच'. बाराव्याच्या आत बैठक झाली, पंचाहत्तर हजार ठरले, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर म्हातारीचा अंगठा घेतला. पोलिसांत जबाब गेला तो असा, की सायकल घसरून पडला. टेम्पोचा नंबर तर सोडाच, टेम्पोचा उल्लेखसुद्धा नाही! आणि हे सगळं करणाऱ्या पंचांना मनापासून वाटत होतं की आपण विधवेचं भलं केलं.

या भल्याचा हिशोब आपण मांडून बघू. मी गणिताची बाई नव्हे, पण एवढं गणित सातवीतल्या मुलालाही येईल.

गवंड्याची कमाई महिन्याला पंधरा हजार धरू. पगारपत्रक नसलं तरी बिघडत नाही, किमान वेतनाचा वगैरे आधार घेऊन न्यायालय अंदाजे उत्पन्न धरतं. वर्षाचे झाले १ लाख ८० हजार. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१७ मध्ये सांगितलं, की चाळिशीच्या आतला माणूस स्वतःचा धंदा किंवा मजुरी करणारा असला तरी पुढे त्याची कमाई वाढलीच असती, म्हणून ४० टक्के मिळवा. झाले २ लाख ५२ हजार. तो स्वतःवर जो खर्च करायचा तो वजा करायचा. घरात अवलंबून असलेली माणसं चार, म्हणून एक चतुर्थांश वजा. उरले १ लाख ८९ हजार. आता वयाप्रमाणे गुणक. २००९ च्या निकालात त्याचं कोष्टकच दिलेलं आहे. वय २६ ते ३० असेल तर गुणक १७. उत्तर आलं बत्तीस लाख तेरा हजार. त्याशिवाय अंत्यसंस्काराचा खर्च आणि सहवास गमावल्याची ठरीव रक्कम वेगळी. अर्ज केल्या तारखेपासून व्याज देण्याचीही कायद्यात तरतूद आहे.

बत्तीस लाख कुठे आणि पंचाहत्तर हजार कुठे! अर्थात दावा टाकला की इतके मिळतातच असं नाही. टेम्पोवाल्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, मृताचीही काही चूक असेल तर त्या प्रमाणात रक्कम कापली जाते. पण निम्मे मिळाले असते तरी दोन पोरांचं शिक्षण झालं असतं. ती बाई आता दुसऱ्यांच्या शेतावर रोजाने जाते.

अशा बैठकीत जे जे बोललं जातं ते मी अनेकदा ऐकलं आहे. एकेकाचा समाचार घेते.

पहिलं वाक्य असतं, "मेल्याचे पैसे कशाला घ्यायचे? माणूस का परत येणार आहे?" हे ऐकायला फार उदात्त वाटतं. पण माझा अनुभव असा, की हे वाक्य बोलणारा माणूस त्या घरचं दूध, वीजबिल आणि शाळेची फी कधीच भरत नाही. आयुर्विम्याचे पैसे मेल्यानंतरच मिळतात, ते आपण घेतो. फंड घेतो, फॅमिली पेन्शन घेतो. तिथे कुणी 'मेल्याचे पैसे' म्हणत नाही. मग दुसऱ्याच्या चुकीने कर्ता माणूस गेला, त्याची भरपाई मागितली की एवढं सोवळं कुठून येतं? ही माणसाची किंमत नव्हेच. तो असता तर घरात जे आलं असतं, त्यातलं थोडंफार घरात येत राहावं, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरं वाक्य, "ड्रायव्हरही गरीबच आहे हो, त्याला कशाला बुडवायचं?" या वाक्यामागची दया खरी असते, म्हणून त्याचा राग येत नाही, वाईट वाटतं. कारण त्यात मोठं अज्ञान आहे. प्रत्येक गाडीला त्रयस्थाचा विमा, म्हणजे ज्याला आपण 'थर्ड पार्टी' म्हणतो तो, कायद्याने सक्तीचा आहे. तो कशासाठी असतो? नेमका याचसाठी! गाडीचे कागद ठीक असतील तर पैसे विमा कंपनी देते. टेम्पोवाल्याने वर्षानुवर्षं हप्ते भरलेले असतात. म्हणजे 'मिटवून टाका' म्हणताना आपण त्या गरीब ड्रायव्हरच्याच खिशातून पंचाहत्तर हजार काढायला लावतो आणि ज्या कंपनीने हप्ते घेतले तिला सोडून देतो. दोन गरिबांनी एकमेकांचं नुकसान करून घ्यायचं आणि तिसऱ्याचं भलं करायचं. आता बोला! ड्रायव्हरवर फौजदारी खटला चालतो तो निराळा, आणि तो बैठकीतल्या स्टॅम्पपेपरने रद्द होत नाही.

तिसरं वाक्य सगळ्यांचं पाठ आहे, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." ही म्हण ज्याने केली त्याला मोटार अपघात दावा न्यायाधिकरण माहीत नव्हतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली चालणारं हे काम दिवाणी दाव्यापेक्षा सुटसुटीत आहे. अपघात कुठेही होवो, तुम्ही जिथे राहता तिथल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. नागपूरजवळ अपघात झाला म्हणून साताऱ्याच्या म्हातारीने नागपूरला खेटे घालायची गरज नाही. कुणाची चूक होती हे सिद्ध करण्याच्या भानगडीत पडायचं नसेल तर कलम १६४ आहे. त्याखाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख, चूक कोणाची हे न विचारता. शिवाय एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनीच अठ्ठेचाळीस तासांत अपघाताचा पहिला अहवाल आणि नव्वद दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आहे, आणि तो अहवालच अर्ज म्हणून धरता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं नीट अंमलात आणा म्हणून आदेशही दिले. प्रत्यक्षात किती ठिकाणी होतं, हा प्रश्न पोलीस ठाण्यात जाऊन विचारायला हवा. पण विचारणार कोण? आपण तर मिटवून टाकलेलं असतं!

चौथं वाक्य सुशिक्षितांचं. "अहो, हल्ली खोटे क्लेम किती असतात!" असतात. उत्तर प्रदेशात बनावट दाव्यांच्या तपासासाठी विशेष पथक नेमावं लागलं, हे मलाही माहीत आहे. पण परीक्षेत चार मुलं कॉपी करतात म्हणून बाकीच्या चाळिसांनी पेपरच देऊ नये, असं मी तरी कधी वर्गात सांगितलं नाही. खोट्या दाव्यांनी खऱ्या अपघातग्रस्तांवरचा संशय वाढतो, हे त्या लबाडांचं आणखी एक पाप.

आता बायकांविषयी. इथे मला जास्त बोलायचं आहे, आणि पुरुष वाचकांनी ऐकून घ्यायचं आहे.

अपघातात घरची बाई गेली तर दावा करावा असं मुळी कुणाच्या मनातच येत नाही. "ती काही कमावत नव्हती ना!" आमच्या पिढीतल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडूनसुद्धा हे ऐकलं आहे. आणि नुसते घरचेच असं म्हणत होते असं नाही. १९९४ मध्ये कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात गृहिणीचं उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश धरलेलं होतं. म्हणजे नवरा गरीब तर तिच्या स्वयंपाकाची, धुण्याभांड्याची, आजारपणातल्या जागरणांची किंमतही कमी! २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. त्याच निकालात एक गोष्ट वाचून मी थक्क झाले. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना काम न करणाऱ्यांच्या वर्गात, भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या रांगेत बसवलं होतं. पुढे जानेवारी २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने गृहिणीचं अंदाजे उत्पन्न कसं धरावं यावर निकाल दिला आणि त्यात सरकारचीच २०१९ ची पाहणी उद्धृत केली. बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करतात, पुरुष ९७. जवळजवळ पाच तास! ज्या घरातली बाई गेली त्या घराला ते पाच तास म्हणजे काय हे आठ दिवसांत कळतं. तेव्हा अर्जात व्यवसायाच्या रकान्यात 'काही नाही' असं लिहू नका. 'गृहिणी' असं स्पष्ट लिहा आणि ती काय काय करायची ते सांगा.

जो जखमी होऊन वाचतो त्याचीही अशीच उपेक्षा होते. "जीव वाचला ना, देवाचे आभार माना!" देवाचे आभार जरूर माना, पण सुताराचा हात गेला तर त्याच्या संसाराचं काय, तेही बघा. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे फार छान समजावून सांगितलं आहे. डाव्या हाताचं अपंगत्व डॉक्टरांच्या दाखल्यावर साठ टक्के असेल, पण तो माणूस सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली. तोच सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते. म्हणजे नुसता दाखल्यावरचा आकडा बघायचा नाही, माणसाचं काम बघायचं.

सरकारची मदत आणि ही भरपाई यांत लोक हमखास गल्लत करतात. १ जुलै २०२३ ला बुलढाणा जिल्ह्यात समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून पंचवीस जण गेले, तेव्हा लगेच मदत जाहीर झाली. अशी मदत ही सरकारची मर्जी असते. मोठा अपघात, मोठी बातमी, म्हणून ती मिळते. आमच्या गवंड्यासारखा एकटा माणूस जातो तेव्हा कुणी मंत्री येत नाही. त्याच्या घरच्यांना हक्क एवढा एकच आधार असतो, आणि तोच आपण स्टॅम्पपेपरवर सोडून देतो.

आता कायदा करणाऱ्यांनाही दोन शब्द सुनावते. १९८८ च्या कायद्यात दावा करायला सहा महिन्यांची मुदत होती. ती जाचक आहे हे कळलं म्हणून १९९४ मध्ये काढून टाकली. आणि २०१९ च्या दुरुस्तीने पुन्हा आणली! एप्रिल २०२२ पासून ती लागू आहे. अहो, मांडीचं हाड मोडलेला माणूस सहा महिन्यांत धड चालायला लागत नाही. नवरा गेलेली बाई पहिले तीन महिने घराबाहेर पडत नाही, निदान आपला समाज पडू देत नाही. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की प्रकरण प्रलंबित असेपर्यंत नुसती मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नका. पण अंतरिम तो अंतरिम. त्याच्या भरवशावर बसू नका. आमच्या गवंड्याची बायको माझ्याकडे आली ती अकरा महिन्यांनी. "बाई, आता काही करता येईल का?" विद्यार्थ्याने दावा टाकला आहे, तारखा पडताहेत, टेम्पो बघितलेल्या एका चहावाल्याला साक्षीला यायची विनवणी चालू आहे. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही.

वकीलवर्गालाही सोडत नाही. सगळे तसे नाहीत, पण सरकारी दवाखान्याच्या दारात एजंट उभे करून "काही खर्च नको, मिळतील त्यातले तीस टक्के द्या" म्हणणारे आहेत. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणं वकिलाला मना आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईतल्या अशाच टक्केवारीच्या प्रकरणात ही गोष्ट बेकायदा ठरवली. बायका, मुलं आणि अपंग व्यक्ती यांना १९८७ च्या कायद्याप्रमाणे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असतं. तिथे जा.

आणि अगदी मिटवायचंच असेल तर लोकअदालतीत मिटवा. तिथे तडजोड कागदावर येते, विमा कंपनी समोर असते, न्यायाधीश असतात. मात्र एकदा सही केली की त्यावर अपील नाही, म्हणून घाईने सही करू नका. आपल्या गणिताने किती होतात ते आधी घरी मांडून बघा.

शेवटी घरच्यांसाठी चार गोष्टी. छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

१. अपघात झाला की आधी जखमीला दवाखान्यात न्या. मदत करणाऱ्याला पोलीस साक्षीदार व्हायची सक्ती करू शकत नाहीत. २०२५ पासून पहिले सात दिवस दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजना आहे, ती मागा.

२. गाडीचा नंबर लिहून घ्या, फोटो काढा. फिर्यादीत घडलं तेच लिहायला लावा. फिर्याद आणि पंचनाम्याची नक्कल घ्या. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तरी मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार मिळण्याची तरतूद आहे.

३. औषधाची एकूण एक चिठ्ठी, बिल, एक्स-रे, रिक्षाची पावतीसुद्धा एका पिशवीत ठेवा.

४. गाडी तुमची आणि चूकही तुमचीच असली, तर त्रयस्थाच्या विम्यातून तुम्हाला काही मिळत नाही. त्यासाठी मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो आपल्या पॉलिसीत आहे का, हे आजच बघा आणि कागद कुठे ठेवले आहेत ते बायकोला सांगा.

रक्कम मिळाल्यावर तिचा मोठा भाग न्यायालय अनेकदा बँकेत मुदतठेवीत ठेवायला लावतं. १९९३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने तसं सुचवलेलं आहे. पुष्कळांना ते आवडत नाही. मला फार आवडतं. पैसे आल्याचं कळताच दीर, जावई आणि धंदा काढू पाहणारे मेहुणे कसे गोळा होतात, ते मी पाहिलेलं आहे.

असो. लेख लांबला. तुमच्या माहितीत असं एखादं घर असेल आणि 'आता वेळ गेली' म्हणून ते गप्प बसलं असेल, तर त्यांना हा लेख वाचून दाखवा आणि जिल्हा न्यायालयापर्यंत त्यांच्याबरोबर जा. एकटीदुकटी बाई त्या आवारात बावरून जाते. सोबत कुणी असलं की पायरी चढवते.